थेंबभर रक्ताची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९९६ सालच्या डिसेंबरातली रात्र. तीन वाजले असतील. आईची हाक ऐकून मी अण्णांच्या खोलीत धावले. अण्णा अंथरुणावर उठून बसले होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि त्यांचा सदरा मात्र घामानं चिंब. मला पाहून म्हणाले, "गाडी सुटली का गं?" कुठली गाडी, कुठं जायचंय, काही पत्ता नाही.

अण्णांचा मधुमेह तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. दोन वेळा इन्सुलिन चालू होतं. साखर वाढली म्हणावी की उतरली? घरात रक्तातली साखर मोजायचं यंत्र होतं, मावसभावानं अमेरिकेहून आणलेलं. मी सुई घेतली आणि बोटाला टोचली. रक्त येईना. दुसरं बोट, तिसरं बोट. अण्णांनी उभी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवलेली, त्यामुळे बोटांची टोकं निबर झालेली. त्यात हात बर्फासारखे गार. दाबून पिळून कसाबसा मोहरीएवढा थेंब निघाला. तो पट्टीला पुरला नाही. यंत्रानं आकडा दिलाच नाही. दुसरी पट्टीही तशीच फुकट गेली.

आई म्हणाली, "ते यंत्र ठेव बाजूला. आधी साखर दे." तिनं स्वतःच भांड्यात चार चमचे साखर विरघळवली आणि पेला अण्णांच्या ओठांना लावला. पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांनी आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या रात्री तुम्ही दोघी जाग्या का?"

मी शाळेत इतिहास शिकवत असे. लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मला पाठ होत्या. पण त्या रात्रीनंतर एका वेगळ्याच इतिहासानं मला पछाडलं. आपल्या रक्तातली साखर घरबसल्या कळावी, एवढ्यासाठी माणसाला किती वाट पाहावी लागली? आणि सारं काही त्या एका थेंबापाशीच का अडत होतं?

ही गोष्ट रक्तापासून नाही, लघवीपासून सुरू होते. आपल्या प्राचीन वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिलं ते लघवीच्या गोडीवरून. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी रुग्णाची लघवी आटवून तळाशी साखरच उरते, हे दाखवलं. रुग्णाच्या रक्तातला पातळ भागही गोडसर असतो, असं त्यांनी १७७६ मध्ये लिहून ठेवलं. पण रक्त तपासणं अवघड आणि लघवी तपासणं सोपं. म्हणून पुढची दोनशे वर्षं घराघरात तपासली गेली ती लघवीच.

आमच्या घरीही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं तयार केलेलं निळं द्रावण अण्णा बाटलीतून आणत. परीक्षानळीत ते चमचाभर घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. आईनं स्वयंपाकघरात बंदी घातल्यामुळे ही प्रयोगशाळा मागच्या पडवीत चाले. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. अण्णा एका वहीत तारीख टाकून रंग लिहून ठेवत.

पण या रंगांत एक मोठी खोट होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. शिवाय ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली. म्हणजे कळतं ते मघाचं, आत्ताचं नाही. आणि साखर घसरली तर लघवी काहीच सांगत नाही. साखर शंभर असो की चाळीस, द्रावण निळंच.

इन्सुलिन येईपर्यंत हे चालून गेलं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. मरणाच्या दारातली मुलं परत आली. पण औषध अंमळ जास्त झालं की साखर एकदम खाली येते आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणजे आता रक्तातली साखर कळणं ही चैन राहिली नाही, गरज झाली. हागेडॉर्न आणि येन्सेन या डेन्मार्कच्या संशोधकांची १९२३ ची पद्धत एक दशांश मिलिलिटर रक्तावर चाले. रक्त थोडं लागे खरं, पण काम प्रयोगशाळेचं. रात्री तीन वाजता त्याचा उपयोग शून्य.

वाट निघाली ती एका बुरशीतून. बुरशीत सापडणारं एक विकर फक्त ग्लुकोजवरच काम करतं. अमेरिकेत एल्कहार्ट गावच्या एम्स कंपनीत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्यानं त्याचा वापर करून लघवी तपासायची कागदी पट्टी बनवली. ती १९५६ मध्ये बाजारात आली. त्याच कंपनीतल्या अर्नेस्ट अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर रक्तासाठी पट्टी केली, तिचं नाव डेक्स्ट्रोस्टिक्स. पट्टीवरचा अख्खा चौकोन झाकेल असा टपोरा थेंब टाकायचा, बरोबर एक मिनिट थांबायचं, पाण्याच्या धारेनं रक्त धुवायचं आणि उरलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. थेंब लहान पडला तर रंग अर्धाच येणार. आमची रड तिथपासूनची आहे.

डोळ्यांना रंगाचा नेमका फरक कळत नाही, म्हणून १९७० मध्ये अँटन क्लेमेन्स यांचं यंत्र आलं. वजन किलोहून जास्त, किंमत पाचशे डॉलरच्या घरात आणि विक्री फक्त डॉक्टरांना. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन हे इंजिनिअर. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही आहे, हे ओळखायला रुग्णालयांना हे यंत्र उपयोगी पडेल, अशी जाहिरात त्यांच्या वाचनात आली. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं बोट टोचून आहार आणि इन्सुलिन यांचा मेळ घातला. हा अनुभव त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांना लिहून पाठवला, पण डॉक्टर नसलेल्या माणसाचं कोण ऐकणार? तेव्हा या गृहस्थांनी पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं! २०२५ मध्ये ते वारले तेव्हा नव्वद वर्षांचे होते.

रुग्ण स्वतःच्या हातानं रोज बोट टोचून घेतील का, ही शंका खरी होती. १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांच्या दोन गटांनी दाखवून दिलं की घेतात आणि त्यांची साखरही ताब्यात येते. सुई टोचताना आपलाच हात कचरतो, सुई उथळ जाते आणि रक्त येत नाही. त्यावर स्प्रिंगचा टोचक निघाला. कळ दाबली की सुई ठरलेल्या खोलीपर्यंत जाते आणि तशीच मागे येते. हाताला कचरायला वेळच मिळत नाही.

पुढची गोष्ट थेंब लहान होत जाण्याची आहे. १९८७ मध्ये पेनाएवढं विजेवर मोजणारं यंत्र आलं. रंग पाहायचा नाही, रक्त पुसायचं नाही. २००० साली तर ०.३ मायक्रोलिटरवर भागणारी पट्टी निघाली. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. डेक्स्ट्रोस्टिक्सला लागे त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. आमच्या त्या रात्रीचा मोहरीएवढा थेंब या पट्टीला पुरून उरला असता.

तरी थेंब काढायची विद्या शिकावीच लागते. दवाखान्यातल्या एका सिस्टरनी मला ती दहा मिनिटांत शिकवली. हात साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवून कोरडे करायचे. हात थोडा वेळ खाली सोडायचा. सुई बोटाच्या टोकावर नाही, बाजूला लावायची. तिथं दुखतं कमी. मग तळव्याकडून टोकाकडे हलकेच चोळत आणायचं. पिळायचं नाही, कारण पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. एकदा आंबे चिरता चिरता अण्णांनी हात न धुताच साखर पाहिली, तर आकडा तीनशेच्या वर. मी जास्तीच्या इन्सुलिनसाठी डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "थांब, हात धुतो." मग आकडा आला एकशे बेचाळीस. साखर होती ती बोटावरची.

आणि त्या रात्री बोट कोरडं का पडलं? सिस्टर म्हणाल्या, साखर घसरली की शरीर कातडीकडचं रक्त आवरून घेतं. हातपाय गार पडतात आणि घाम फुटतो. म्हणजे थेंबाची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी बोट हात आखडता घेतं. म्हणून अशी लक्षणं दिसली आणि थेंब निघेना, तर वाट पाहायची नाही. माणूस गिळण्याइतका शुद्धीवर असेल तर आधी साखर द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठायचा. आईनं हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

ही काळजी घेणं सार्थकी लागतं का? १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचं उत्तर आलं. रोज अनेकदा रक्त तपासून साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांपैकी ज्यांचे डोळे मुळात ठीक होते, त्यांच्या दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्याच अभ्यासात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग जवळपास तिप्पट झाले. डोळे वाचले, रात्री मात्र अवघड झाल्या. दोन्ही खरं आहे.

आता दंडावर चिकटवायचे संवेदक आले आहेत. ते रात्रभर आकडे दाखवतात, साखर उतरली की हाक मारतात. तरी ते मोजतात कातडीखालच्या द्रवातली साखर आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. आकडा एक सांगतो आणि अंग दुसरं, अशा वेळी आजही बोटाकडेच यावं लागतं.

अण्णा २००४ मध्ये गेले. त्यांची वही माझ्याजवळ आहे. पहिल्या पानांवर रंग आहेत, निळा, हिरवा, विटकरी. पुढे रंग संपून आकडे सुरू होतात. डिसेंबर १९९६ च्या पानावर एका तारखेपुढे आकडा नाही. सकाळी आईला विचारून अण्णांनी तिथं आपल्या सुबक अक्षरात लिहिलं आहे : "पहाटे तीन. थेंब निघाला नाही. साखर चार चमचे."