काचेच्या पेटीतील समुद्र

समुद्राचे पाणी घागरभर भरून आणले म्हणजे समुद्र घरी येत नाही. ते पाणी भांड्यात चार दिवस तसेच ठेवले तर त्याला दुर्गंधी सुटते आणि त्यातील जीव मरून जातात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. असे असता आज समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरांत, दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढतात, त्यांना शाखा फुटतात आणि त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात. हे कसे साधले, आणि ते साधताना समुद्राला काय किंमत द्यावी लागली, हे आज मी आपणांस थोडक्यात सांगणार आहे.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु माझा आजचा विषय मासे हा नसून प्रवाळ हा आहे. आपण अंगठीत बसवितो ते तांबडे पोवळे निराळ्या जातीचे, आणि उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात ज्यांचे खडक बनतात ते प्रवाळ निराळे. दोन्ही प्राणीच होत. तोंडाभोवती स्पर्शकांचे वलय असलेले हे चिमुकले जीव पाण्यात विरघळलेला चुना घेऊन आपल्याखाली पाषाणासारखा सांगाडा रचतात. अशा असंख्य पिढ्यांच्या सांगाड्यांचा खडक होतो. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर हे खडक पसरलेले आहेत, पण समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना त्यांचा आश्रय आहे.

समुद्री जीव काचेच्या पेटीत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची कल्पना प्रथम अमलात आणली ती एका स्त्रीने. झान व्हिलप्र-पॉवर ही मूळची फ्रान्समधील, कशिदा आणि शिवणकाम करून पोट भरणारी बाई. विवाहानंतर ती सिसिली बेटावरील मेसिना बंदरी राहू लागली. तेथील समुद्रात अर्गोनॉट नावाचा एक लहान अष्टपाद आढळतो. त्याचे नाजूक कवच तो स्वतः घडवितो की दुसऱ्याचे बळकावतो, असा वाद विद्वानांत फार दिवस चालला होता. १८३२ साली ह्या बाईने काचेच्या पेट्या करविल्या, त्यांत ते प्राणी पाळले आणि त्यांच्या कवचाचा तुकडा मोडून पाहिला. प्राण्याने तो स्वतःच सांधला. वाद मिटला. पेटीतला समुद्र हा अशा रीतीने विलासातून जन्मला नाही, एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जन्मला.

प्रवाळ घरी जगविण्याचे श्रेय मात्र लंडनमधील ॲना थिन ह्या बाईंचे. त्यांचे पती वेस्टमिन्स्टरच्या प्रख्यात मंदिरात धर्माधिकारी होते. १८४६ साली ह्या बाई टॉर्की येथे समुद्रकिनारी गेल्या असता तेथील प्रवाळ त्यांच्या मनात भरले. त्यांनी ते सुईदोऱ्याने एका स्पंजाला टाचून, बरणीत घालून लंडनला आणले. आरंभी त्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी मागवून बदलीत असत. पुढे त्यांनी तेच पाणी पुनःपुन्हा वापरण्याचे ठरविले आणि त्यात हवा मिसळावी म्हणून एक युक्ती योजिली. घरातील एक लहान दासी उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. १८४७ च्या वसंतात बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या, आणि त्या दासीचे काम पुष्कळसे हलके झाले. आज विजेवर चालणारे जे पंप टाकीतील पाणी रात्रंदिवस खेळवितात, त्यांचा मूळपुरुष शोधू गेल्यास ती खिडकीतली पोर सापडते.

वनस्पतींनी पाणी शुद्ध का राहते, ह्याची शास्त्रीय मांडणी १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने केली. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेतात आणि माशांना प्राणवायू देतात. मेलेली पाने गोगलगायी खाऊन टाकतात. असा तोल सांभाळला की पाणी बदलावे लागत नाही. त्याच सुमारास इंग्लंडात काचेवरील कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी जगातील पहिले मत्स्यालय उघडले. त्यासाठी जीव पुरविणाऱ्या फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गाभ्यासकाने पुढच्याच वर्षी ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले आणि हा शब्द लोकांच्या तोंडी बसविला. साधे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ह्यांची क्लोराइडे गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीतही त्याने प्रसिद्ध केली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांस समुद्र घडविण्याचा मार्ग येथे खुला झाला.

परंतु ह्या यशातच एक अनर्थ दडलेला होता. गॉसची पुस्तके वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. छिन्नी-हातोडे घेऊन त्यांनी खडक फोडले आणि डबक्यांतील जीव टोपल्या भरभरून नेले. त्यांतील बहुतेक जीव घरी पोचल्यावर काही दिवसांतच मेले. गॉसचा मुलगा एडमंड ह्याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ ह्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, बाळपणी वडिलांच्या बोटाला धरून पाहिलेली ती सजीव कुंडे पुढे उजाड झाली, आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे घडले ह्याची टोचणी वडिलांना लागून राहिली. ज्याने किनाऱ्यावर मनापासून प्रेम केले, त्याच्याच लेखणीने तो किनारा लुटविला. समुद्र घरी आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट प्रथम ऐकावी, असे मला वाटते.

ते जीव मरत का होते? वॉरिंग्टनचा सिद्धांत खरा होता, पण अपुरा होता. तोल राखणारे सर्वच जीव डोळ्यांना दिसत नाहीत. डब्ल्यू. ए. लॉइड ह्याने १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे मत्स्यालय उभारले. त्याने शोभेच्या टाक्यांहून कितीतरी अधिक पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदात ठेविले आणि यंत्राने ते सतत वर-खाली फिरविले. पाणी निवळ राहिले. ह्यामागचे एक मोठे कारण पुढे १८९० च्या सुमारास कळले, ते विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाच्या संशोधनाने. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि कुजण्यातून निघणारा अमोनिया विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ते दगडावर, वाळूवर, नळ्यांच्या आत बिऱ्हाड करतात आणि त्यांना वाहते पाणी व प्राणवायू लागतो. टाकीचा खरा कारभार त्यांच्याच हाती असतो.

तरीही उष्ण समुद्रातील प्रवाळ ह्या टाक्यांत टिकेनात. थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातील, एकांड्या जातीचे होते. त्यांना प्रकाशाची गरज नव्हती. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या देहात मात्र सूक्ष्म शैवाल राहतात. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. प्रकाश तोकडा पडला की प्रवाळ उपाशी राहतो. पाणी फार तापले तर तो ह्या भाडेकरूंना बाहेर घालवितो आणि पांढराफटक पडतो. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग ह्याने एका अमेरिकन मासिकात आपली रीत प्रसिद्ध केली. त्याच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. त्याने समुद्रातून जीवाणूंसह जिवंत दगड आणून टाकीत रचले, सूर्यप्रकाश येऊ दिला आणि हवेचे बुडबुडे सोडले. इतर लोक टाकी धुऊन निर्जंतुक करीत असता ह्या गृहस्थाने निसर्गाच्या कामगारांनाच कामावर ठेवले.

पुढचे पाऊल जर्मन भाषा बोलणाऱ्या हौशी मंडळींनी टाकले. पीटर विल्केन्स ह्याने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळांना चुना पुरविण्याची रीत सांगितली. ही रीत म्हणजे आपल्या घरोघरी परिचित असलेली चुन्याची निवळी! टाकीतील जेवढे पाणी आटेल तेवढी निवळी थेंबथेंब सोडावयाची. एकदम ओतल्यास तिच्या दाहक अल्कगुणाने जीव मरतात. बर्लिनच्या मंडळींनी जिवंत दगड, प्रखर दिवे, ही निवळी आणि मळ फेसावाटे काढणारे नळकांडे ह्यांची सांगड घातली. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढतात, तसेच हे नळकांडे पाण्यातील घाण कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर काढते. त्या मंडळींपैकी डीट्रिश स्ट्यूबर ह्याच्या टाकीत शाखायुक्त प्रवाळ इतके वाढले की, त्याच्या फांद्या तोडून तो इतरांना वाटू लागला. शेजारणीकडून विरजण आणावे, जाईची फांदी मागून घ्यावी, तशा त्या फांद्या घराघरांतून गेल्या. समुद्रातून उचलून आणण्याच्या जागी घरी वाढवून वाटणे आले. माझ्या मते ह्या सर्व इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय.

आज कोणास असा खडक घरी उभारावयाचा असेल तर त्याने प्रथम धीर धरावयास शिकावे. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्रमीठ विरघळवावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तपमान २५ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. दगड रचून, पाणी खेळते करून चार ते सहा आठवडे एकही मासा न सोडता थांबावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले म्हणजे जीवाणूंनी घर मांडले असे समजावे. मग काटक जीवांपासून आरंभ करून थोडे थोडे जीव सोडावेत. आटते ते पाणी, मीठ नव्हे. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावयाची. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी नव्या समुद्रजलाने बदलावे. लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम आहे ना, हे तपासीत राहावे. मोठी टाकी लहान टाकीपेक्षा सोपी, कारण पुष्कळ पाण्यात चूक सावकाश पसरते. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारे यंत्र अवश्य लागते. आणि वीज गेली तर? तर थिनबाईंच्या दासीप्रमाणे तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतीत बसावे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो उपाय आजही लागू पडतो.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न हा की, टाकीत येणारा जीव आला कोठून? फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकात शोभेचे मासे धरण्यासाठी प्रवाळखडकांवर सायनाइड फवारण्याची चाल पडली. मासा गुंगून हाती येई आणि प्रवाळ मरून जाई. उलट फ्लोरिडात मार्टिन मो ह्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी समुद्रफुलात राहणारे चट्टेरी मासे टाकीत जन्मास घालून विक्रीस आणले. एकच हौस, पण एकीने खडक ओसाड केला आणि दुसरीने खडकावरचा भार हलका केला. आपल्या देशाच्या कायद्याने तर निवाडाच केला आहे. २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. म्हणजे आपल्या समुद्रातील प्रवाळ आता वाघाच्या पंक्तीस बसला आहे. त्याचा तुकडाही तोडून आणणे गुन्हा आहे. टाकीत वाढविलेल्या फांद्यांबाबतही त्यांचा उगम आणि कागदपत्रे कायदेशीर आहेत की नाहीत, हे पाहिल्यावाचून कोणी हात घालू नये.

हा खडक आपणांस परका नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या पृष्ठाखाली वीस-बावीस मीटर खोल, एक विस्तीर्ण प्रवाळमय पठार आहे. कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. मालवणच्या किनाऱ्यालगत आणि गोव्याच्या ग्रांद बेटापाशीही प्रवाळ आहेत. १९९८ साली हिंदी महासागराचे पाणी तापले तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि २०१० व २०१६ साली त्यांच्यावर तोच प्रसंग पुन्हा ओढवला. ज्याने आपल्या घरच्या टाकीत दोन अंश उष्णता वाढल्याने प्रवाळ विटताना पाहिला आहे, त्याला ह्या वार्तेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

काचेच्या पेटीतील समुद्राचा खरा उपयोग मला हाच दिसतो. रोज सकाळी पाण्याची परीक्षा करणारा मनुष्य हळूहळू शिकतो की, आपण मासे पाळीत नसून पाणी पाळीत आहो. ते पाणी एका टाकीत नासू न देण्यास किती काळजी लागते हे ज्याला कळले, तो किनाऱ्यावर गेल्यावर तेथला दगड उचलणार नाही. तो जागच्या जागी पाहील आणि रिकाम्या हातांनी, पण भरल्या मनाने घरी परतेल.