परिवर्ती व्हॉल्व्ह टायमिंग : विद्युत दोषनिदान

परिवर्ती व्हॉल्व्ह टायमिंग (व्हीव्हीटी) यंत्रणेच्या विद्युत मंडलातील बिघाड नेमका कोठे आहे, हे शोधण्याची पद्धत. ही यंत्रणा इंजिनाची गती व भार पाहून व्हॉल्व्ह उघडण्याची व मिटण्याची वेळ मागेपुढे करते. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीने १९८० मध्ये ती प्रथम विक्रीच्या मोटारीत बसवली. पुढील वर्णन टोयोटाच्या ‘व्हीव्हीटी-आय’ यंत्रणा असलेल्या १झेडझेड-एफई या पेट्रोल इंजिनाला धरून आहे.

रचना : क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या सेन्सरांवरून इंजिनाचा संगणक (ईसीयू) कॅमशाफ्टची स्थिती ओळखतो आणि ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या (ओसीव्ही) सोलेनॉइडला स्पंदित प्रवाह पाठवतो. सोलेनॉइड आतली दांडी सरकवते, ऑइलच्या दाबाची वाट बदलते आणि कॅमशाफ्ट काही अंशांनी पुढे किंवा मागे फिरतो. म्हणजे आज्ञा विजेची, पण काम ऑइलचे.

कोडचा अर्थ : पी००१० हा कोड ओसीव्हीचे मंडल तुटले आहे किंवा शॉर्ट झाले आहे असे सांगतो. जुन्या टोयोटा गाड्यांत याच दोषाला पी१६५६ हा कोड असे. पी००११ व पी००१२ हे कोड टायमिंग अनुक्रमे गरजेपेक्षा पुढे व मागे राहिल्याचे दाखवतात. त्यांच्या मुळाशी बहुधा घाण किंवा कमी झालेले ऑइल, तुंबलेली जाळी वा अडकलेला व्हॉल्व्ह असतो. पी०३४० कॅमशाफ्ट सेन्सरच्या मंडलाचा आहे.

लक्षणे : चेक इंजिनचा दिवा लागतो. सोलेनॉइडला प्रवाह मिळाला नाही, तर इनटेक कॅमशाफ्ट सर्वांत मागच्या स्थितीत राहतो. गाडी चालते, पण ओढ व मायलेज घटू शकते.

तपासणी : प्रथम कनेक्टर सोडवून वाकलेली पिन, गंज व आत झिरपलेले ऑइल पाहावे. नंतर थंड इंजिनावर मल्टिमीटरने सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. २० अंश सेल्सिअसला तो ६.९ ते ७.९ ओहम असतो. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटलेली, शून्याजवळचा रोध म्हणजे शॉर्ट. कॉइल नीट असेल, तर बॅटरी सोडवून आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून वायरिंग तपासावे. प्रत्येक वायरचा टोकापासून टोकापर्यंतचा रोध १ ओहमपेक्षा कमी आणि बॉडीशी १० किलोओहम किंवा जास्त हवा. मोजताना वायरिंग हलवून पाहावे. हललेल्या वायरने आकडा बदलला, तर दोष तेथेच असतो. या इंजिनात सोलेनॉइडच्या दोन्ही वायरी ईसीयूकडे जातात, तर काही कंपन्यांच्या गाड्यांत एका वायरीवर रिलेतून १२ व्होल्ट येतात. त्यामुळे त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहिल्याशिवाय व्होल्टेजवरून निष्कर्ष काढू नये.

शेवटी इंजिन आयडलवर ठेवून सोलेनॉइडला क्षणभर थेट बॅटरी जोडतात. इंजिन खडबडले किंवा बंद पडले, तर कॉइल, व्हॉल्व्ह व ऑइलची वाट तिन्ही काम करत आहेत. वायरिंगही निर्दोष ठरले आणि तरी पी००१० परतला, तरच ईसीयूवर संशय घ्यावा. ऑइल बदलल्याने पी००१० जात नाही; तो जातो मंडलातील विद्युत दोष दूर केल्यावरच.