गोठ्यातला डॉक्टर आणि खोटा शेतकरी

मध्यंतरी ऑफिसात एक काम आलं. जनावरांच्या डॉक्टरांच्या ऑनलाइन ट्रेनिंगसाठी छोटा गेम करायचा. स्क्रीनवर शेतकरी, त्याच्या गायीला कासदाह, म्हणजे आपल्याकडची दगडी. डॉक्टरने काय बोलायचं, ते खेळणाऱ्याने निवडायचं. मी सरळ बरोबर सल्ल्याला १० गुण ठेवले. बीटेकवाल्याचं डोकं, दुसरं काय! तपासायला आलेल्या पशुवैद्य बाई म्हणाल्या, "सल्ला बरोबर आहे हो, पण तो पाळणार आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इतिहास उकरत बसलो.

खोटा रुग्ण उभा करून डॉक्टरांना शिकवायची कल्पना १९६३ ची. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका मॉडेलला आजाराची लक्षणं वठवायला शिकवली. वैद्यकशिक्षणात हॉलिवूड घुसलं म्हणून टिंगलही झाली.

पण मला जास्त आवडली ती पुढची गोष्ट. १९८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेत बर्गनला होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ दारू न सुटणाऱ्या रुग्णाचं सोंग घ्यायचे, मिलर त्यांच्याशी बोलायचे. मंडळी मध्येच थांबवून विचारायची, आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्या कटकटीतून मिलरना स्वतःचीच पद्धत सापडली. १९८३ मध्ये लेख आला, १९९१ मध्ये स्टीफन रोलनिकबरोबर पुस्तक. नाव 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'. गाभा एवढाच की बदलायचं कारण समोरच्याच्या तोंडून आलं पाहिजे.

दारूवरून ते गोठ्यात आलं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या ॲलिसन बार्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यात ब्रिटनमधल्या गाईगुरांच्या डॉक्टरांना शेतकरी झालेल्या एका नटीशी बोलायला लावून रेकॉर्ड केलं होतं. डॉक्टर सल्ले देत राहिले. प्रश्न बहुतेक हो-नाही छापाचे, शेतकऱ्याला बोलायला जागाच नाही. म्हणजे हुबेहूब माझा गेम!

स्कोअरिंगचा कोड पुसला. आता "धार काढल्यावर सड औषधात बुडवून बघतो" असं शेतकरी आपणहून म्हणाला, तरच गुण. परवा बाई खेळल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या. काही न बोलता पुन्हा 'स्टार्ट' दाबलं.