अथेन्स (जॉर्जिया)

अथेन्स : अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले विद्यापीठनगर आणि १९७० नंतरच्या अमेरिकन रॉक संगीताचे एक महत्त्वाचे उगमस्थान. लोकसंख्या १,२७,३१५ (२०२०). अटलांटाच्या पूर्व-ईशान्येस सुमारे ११० किमी.वर, पीडमाँटच्या चढउतारांच्या प्रदेशात, नॉर्थ ओकोनी नदीकाठी ते वसले आहे. शहर आणि क्लार्क काउंटी यांचा कारभार १९९१ पासून एकत्र चालतो.

येथे विद्यापीठ आधी आले, गाव नंतर. जॉर्जिया विद्यापीठाला विधिमंडळाने २७ जानेवारी १७८५ रोजी सनद दिली. राज्याच्या सनदेने स्थापन झालेले हे देशातले पहिले सार्वजनिक विद्यापीठ होय. जॉन मिलेज यांनी ६३३ एकर जमीन विकत घेऊन दान केली आणि १८०१ मध्ये शिकवणे सुरू झाले. प्लेटोच्या अकादमीचे स्मरण म्हणून जागेला ग्रीसमधील नगराचे नाव दिले गेले. १८०६ मध्ये नगराची रीतसर स्थापना झाली. पुढची भरभराट कापसाची, आणि कापसामागे श्रम गुलामांचे. जुन्या आवारातल्या पांढऱ्या खांबांच्या देखण्या इमारती पाहताना हे विसरून चालत नाही.

आवार आणि बाजारपेठ यांच्या सीमेवर ब्रॉड स्ट्रीटला लागून ओतीव लोखंडाची कमान आहे. ती १८५०च्या दशकातली असून राज्यमुद्रेवरून घडवलेली आहे. पदवी हाती येण्याआधी तिच्याखालून जायचे नाही, हा विद्यार्थ्यांचा जुना संकेत. बरेच जण तो आजही पाळतात आणि बाजूने वाट काढतात. जानेवारी १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या आदेशाने येथे दाखल झाले. दोनच दिवसांनी हंटर यांच्या वसतिगृहाबाहेर जमावाने दंगल केली. विद्यापीठाने सुरक्षिततेचे कारण देऊन या दोघांनाच निलंबित केले. न्यायालयाने त्यांना परत आणले. हंटर पुढे नामवंत पत्रकार झाल्या, होम्स अस्थिशल्यविशारद. कमानीजवळच्या इमारतीला २००१ मध्ये दोघांचे नाव दिले गेले. त्याच १९६०च्या दशकात वसतिगृहांसाठी लिननटाउन ही कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती पाडण्यात आली. त्या अन्यायाची अधिकृत कबुली नगरशासनाने दिली ती २०२१ मध्ये, तीही तिथल्या जुन्या रहिवाशांनी नेटाने पाठपुरावा केल्यावर.

अथेन्सच्या संगीताची हकिकत बहुधा रॉक बँडपासून सांगितली जाते. ती वॉशिंग्टन आणि हल या रस्त्यांच्या चौकापासून सांगणे अधिक न्याय्य ठरेल. ‘हॉट कॉर्नर’ म्हणून ओळखला जाणारा हा चौक वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचे आणि करमणुकीचे केंद्र होता. मन्रो बॉवर्स ‘पिंक’ मॉर्टन यांनी १९१० मध्ये येथे मॉर्टन थिएटर उभारले. इमारत बांधणारे, तिचे मालक आणि ती चालवणारे सगळे कृष्णवर्णीय, अशी अमेरिकेत आज उरलेली नाट्यगृहे फार थोडी आहेत. त्याच इमारतीत डॉक्टरांचे दवाखाने आणि औषधांचे दुकान होते. जॉर्जियात दंतवैद्यकाचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री आयडा मे हायरम यांचा दवाखानाही तिथलाच. दीर्घकाळ बंद राहिलेले हे नाट्यगृह दुरुस्तीनंतर १९९३ मध्ये पुन्हा उघडले आणि आजही चालू आहे.

रॉकचा काळ सुरू झाला तो घरगुती मेजवान्यांतून. १४ फेब्रुवारी १९७७ रोजी एका मित्राच्या घरी ‘द बी-फिफ्टीटूज’ हा बँड पहिल्यांदा वाजला. उंच केशरचना, जुन्या बाजारातले कपडे आणि नाचायला लावणारी लय यांमुळे वर्ष संपायच्या आत तो न्यूयॉर्कमध्ये पोहोचला. पाठोपाठ कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा ‘पायलॉन’ आला. त्याचा ढोलकरी कर्टिस क्रो याच्या कॉलेज अव्हेन्यूवरच्या खोलीत एकच दिवा असे. त्या दिव्यावरून ‘फॉर्टी वॉट क्लब’ हे नाव पडले. अनेक जागा बदलत हा क्लब १९९१ मध्ये वेस्ट वॉशिंग्टन स्ट्रीटवर स्थिरावला. कलेचा विद्यार्थी मायकल स्टाइप आणि ‘वक्सट्री’ या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा पीटर बक यांची ओळख त्या दुकानातच झाली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकन गावचे दोघे त्यांना येऊन मिळाले आणि ५ एप्रिल १९८० रोजी ओकोनी स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चमध्ये, वाढदिवसाच्या मेजवानीत, ‘आर. ई. एम.’चा पहिला कार्यक्रम झाला. चर्च पुढे पाडले गेले. मनोरा तेवढा राखला आहे. त्यांच्या ‘मर्मर’ (१९८३) या अल्बमच्या मागच्या बाजूला दिसणारा लाकडी रेल्वेपूल चाहत्यांच्या यात्रेचे ठिकाण बनला. ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) हे शीर्षक वीव्हर डी या स्थानिक खाणावळीच्या घोषवाक्यावरून घेतले आहे. पुढे ‘वाइडस्प्रेड पॅनिक’, व्हिक चेस्नट, ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ आणि १९९०च्या दशकात ‘एलिफंट सिक्स’ मंडळींचे ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ यांनी ही परंपरा पुढे नेली. यातल्या कोणाचेही गाणे दुसऱ्याच्या गाण्यासारखे नाही, ही या गावाची सर्वांत मोठी कमाई म्हटली पाहिजे.

एवढ्या लहान गावात हे कसे घडले? संगीत विभागाकडे त्याचे श्रेय फारसे जात नाही. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना सुरांच्या शुद्धतेपेक्षा नव्या कल्पनेचे मोल अधिक वाटत होते. मोठी जुनी घरे स्वस्त भाड्याने मिळत, त्यामुळे हॉटेलात किंवा दुकानात अर्धवेळ काम करून तालमीला वेळ उरे. दरवर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी, म्हणजे नवा श्रोतृवर्ग, आपोआप येई. १९७२ पासून चालणारे विद्यार्थ्यांचे नभोवाणी केंद्र आणि १९८७ मध्ये निघालेले ‘फ्लॅगपोल’ साप्ताहिक यांनी गावातल्या बँडची खबर गावातच पसरवली. आता घरभाडी खूप वाढली आहेत आणि या मुळावरच घाव बसतो आहे. ओकोनी स्ट्रीटच्या त्या मनोऱ्याजवळ २००० पासून काम करणारी ‘नूचीज स्पेस’ ही संस्था म्हणूनच फार मोलाची आहे. एका तरुण संगीतकाराच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईने ती उभारली. तिथे तालमीच्या खोल्या माफक दरात मिळतात आणि मानसिक त्रासात असलेल्या कलावंतांना समुपदेशनाची वाट दाखवली जाते.

मुख्य ठिकाणे पायी पाहता येतात. जून २००९ मध्ये आगीत भस्मसात झालेले जॉर्जिया थिएटर २०११ मध्ये पुन्हा उभे राहिले. राज्याचे अधिकृत कलासंग्रहालय विद्यापीठाच्या आवारात असून त्याला प्रवेशमूल्य नाही. शहराबाहेरील ३१३ एकरांच्या वनस्पती उद्यानासाठी मात्र वाहन लागते. फिनली स्ट्रीटच्या चढावर ‘स्वतःचा मालक असलेला’ ओक आहे. मूळ वृक्ष १९४२ मध्ये कोसळला. त्याच्या बियांपासून वाढवलेले रोप १९४६ मध्ये त्याच जागी लावले गेले. या वृक्षाच्या मालकीला कायद्याचा आधार नाही, पण गावकरी ती आनंदाने मानतात. शरद ऋतूत फुटबॉलच्या सामन्यांच्या शनिवारी ९०,००० हून अधिक प्रेक्षकांचे सॅनफर्ड स्टेडियम भरते. राहण्याचे दर भडकतात आणि रस्ते तुंबतात. संगीतासाठी येणाऱ्याने ते दिवस टाळावेत. विद्यापीठाचे सत्र चालू असताना आठवड्याच्या मधल्या रात्री निवडाव्यात आणि नावाजलेल्या बँडपेक्षा त्या रात्री पहिल्यांदाच वाजणाऱ्या मुलांचा कार्यक्रम ऐकावा.