बिल्ल्यावरचा क्रमांक आणि माणसाचे नाव



दवाखान्यात नवा रुग्ण आला की मी आधी नाव आणि गाव विचारतो, मग तक्रार. म्हणूनच हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागली. तिथे मजुराची ओळख म्हणजे धातूचा एक बिल्ला होता. त्याला ‘बांगो’ म्हणत. मूळ शब्द जपानी, अर्थ क्रमांक. पगार घेताना आणि मळ्याच्या दुकानातून उधारीवर सामान नेताना हा क्रमांकच दाखवायचा.

1898 मध्ये अमेरिकेने हवाई बेटे आपल्या राज्याला जोडली. त्याच वर्षी स्पेनकडून फिलिपिन्सही तिच्या ताब्यात आले. मळे तोवर मुख्यतः चिनी व जपानी मजुरांवर चालत. पण चिनी मजुरांना कायद्याने बंदी झाली आणि पुढे जपान्यांच्या येण्यावरही निर्बंध आले. फिलिपिनो अमेरिकी अमलाखालचे प्रजाजन असल्यामुळे त्यांना ही आडकाठी नव्हती. 20 डिसेंबर 1906 रोजी ‘डोरिक’ जहाजातून पहिले 15 जण होनोलुलूला उतरले. पुढच्या 40 वर्षांत त्यांच्यामागून लाखाहून अधिक माणसे आली. इलोकोस प्रांतातले आणि विसाया बेटांवरचे हे बहुतेक तरुण, एकटे पुरुष. त्यांना ‘सकाडा’ म्हणतात.

मळ्यांवर वस्त्या वंशावंशाने वेगळ्या असत आणि मजुरीही सारखी नसे. मजूर एक होत नाहीत तोवर मालकांना धास्ती नव्हती. 1924 मध्ये पाब्लो मानलापित यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप केला. मागणी होती दिवसाला दोन डॉलर मजुरी आणि आठ तासांचे काम. जपानी मजूर या संपात उतरले नाहीत. कौआई बेटावर हानापेपे येथे संपकऱ्यांत बहुतेक विसायाचे होते. संपाबाहेरच्या दोन इलोकानो तरुणांना त्यांनी आपल्या तळावर अडकवून ठेवले. 9 सप्टेंबरला पोलीस त्यांना सोडवायला गेले आणि झटापटीचे पर्यवसान गोळीबारात झाले. 16 मजूर आणि 4 पोलीस ठार झाले. मजुरांना खुणेवाचून एका चरात पुरले गेले. ती जागा 2019 मध्ये जमिनीखालचे पाहणाऱ्या रडारच्या साहाय्याने शोधावी लागली.

1946 मध्ये मालकांनी फिलिपिन्समधून आणखी सुमारे सहा हजार पुरुष आणले. येऊ घातलेल्या संपात ते आपल्या उपयोगी पडतील, असा त्यांचा होरा होता. झाले उलटेच. जहाजावरच त्यांच्याशी बोलणी होऊन ते कामगार संघटनेत दाखल झाले. सप्टेंबरात जपानी, फिलिपिनो आणि इतर मजूर एकाच संघटनेखाली संपावर गेले. 79 दिवसांनी मालकांना तडजोड करावी लागली.

1924 आणि 1946 या दोन संपांमधला फरक धैर्याचा नव्हता. 1924 चे मजूरही जिवावर उदार झालेले होते. फरक होता तो शेजारच्या वस्तीतला, दुसरी भाषा बोलणारा मजूर आपला मानण्याचा.

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे समजायला फार दूर जावे लागत नाही. भाषेचा अभिमान असावाच. पण समोरच्या माणसाचे नाव विचारण्याआधी त्याची भाषा विचारू लागलो, तर आपणही त्याच्या हाती एक बिल्लाच देत असतो.