ग्रँट रोडची नाटकशाळा कोठे होती?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीहून मुंबईला नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्या माणसाच्या कानाला ‘ग्रँट रोड’ हे नाव चांगले ओळखीचे असते. दादरला गाडी बदलायची आणि चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे, की वाटेत हे स्टेशन लागते. पण ग्रँट रोड हे स्टेशनचे नाव होण्याच्या आधी एका रस्त्याचे नाव होते आणि त्या रस्त्यावर एक नाटकशाळा होती. मराठी नाटक पहिल्यांदा तिकीट लावून लोकांपुढे उभे राहिले ते या नाटकशाळेत. आज ती इमारत नाही. तेव्हा ती कोठे होती आणि तेथेच का होती, याचा माग आपण काढू या.

आता कोणी म्हणेल, “अहो, इमारत गेली ती गेली. जागा शोधून काय मिळणार?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की पुष्कळदा घटना का घडली हे जागाच सांगते. विहीर गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे कळले, की पाणी कोण भरत होते आणि कोणाला भरू देत नव्हते, हेही कळते. नाटकशाळेचे तसेच आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रँट रोडची नाटकशाळा हे मुंबईतले पहिले थिएटर नव्हे. पहिले थिएटर १७७६ साली इंग्रजांनी कोटाच्या आत, ‘बॉम्बे ग्रीन’ नावाच्या मोकळ्या मैदानावर बांधले. आज जेथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे, तोच हा भाग. तेथे इंग्रजी नाटके होत. करणारे इंग्रज आणि पाहणारेही बहुतेक इंग्रजच. पण हौसेला मोल लागते. थिएटरवर कर्ज चढत गेले आणि शेवटी १८३५ साली ते विकावे लागले. विकत घेणारे गृहस्थ होते जमशेटजी जिजीभाई.

त्यानंतर दहा-अकरा वर्षे मुंबईत नाव घेण्याजोगे थिएटर नव्हते. नवे थिएटर हवे, अशी मागणी शहरातल्या इंग्रज व हिंदी प्रतिष्ठितांनी केली. पैशाची काही सोय झाली, पण जागेचे काय? ती दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी. नानांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. पण ते आपल्या ठाणे जिल्ह्यातले, हे किती जणांना ठाऊक आहे? कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालो, की वाटेत मुरबाड लागते. तेथे १८०३ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईतल्या शाळा, ग्रंथालये, रेल्वे अशा कितीतरी कामांना त्यांचा हात लागला. त्यांनी दिलेल्या जागेवर १८४६ च्या फेब्रुवारीत नवी नाटकशाळा सुरू झाली. पुढे लोक तिला ‘शंकरशेटची नाटकशाळा’ असेही म्हणू लागले.

ही जागा कोटात नव्हती, कोटाबाहेर होती. सगळी गोम येथेच आहे. त्या काळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला तटबंदीचा कोट. त्याला दरवाजे, आणि ते रात्री बंद होत. कोटाच्या आत सरकारी कचेऱ्या, पेढ्या, इंग्रजांची व बड्या व्यापाऱ्यांची घरे. कोटाबाहेर मोकळे मैदान आणि त्याच्या पलीकडे गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर, खेतवाडी अशी मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान लोकांची दाट वस्ती. या वस्तीच्याही उत्तरेला ग्रँट रोड. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचेच नाव या रस्त्याला मिळाले.

कोटात राहणाऱ्या इंग्रज साहेबाला या नाटकशाळेत यायचे तर रात्री गाडी जोडून, सगळी ‘काळी’ वस्ती ओलांडून यावे लागे. परतताना तीच कटकट. साहेबलोक कुरकुर करू लागले, त्यांची गर्दी रोडावली आणि नाटकशाळेला गिऱ्हाईक मिळेना. इंग्रजी नाटकाच्या दृष्टीने जागा चुकलीच होती म्हणा ना! पण साहेबाला जी जागा लांब, ती गिरगावच्या माणसाला जवळ. त्याला कोटाचा दरवाजा ओलांडायचा नव्हता. पायी चालत यावे, नाटक पाहावे आणि पायी घरी जावे. शिवाय रिकामी राहणारी नाटकशाळा भाड्याने देणे मालकालाही परवडणारेच होते.

आता सांगलीकडे वळू. तेथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेवरून ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ श्रीमंतांनी पाहिले होते, आणि तसे काही आपल्या भाषेत व्हावे असे त्यांच्या मनात आले. ५ नोव्हेंबर हा त्या पहिल्या खेळाचा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. सांगलीच्या खेळाचा खर्च दरबार करी, आणि पाहणारा दरबाराच्या मर्जीने पाही. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आधार तुटला. मंडळी जगवायची तर गावोगाव फिरणे भाग होते. फिरत फिरत ही मंडळी मुंबईला आली.

मुंबईत प्रथम खासगी वाड्यांतून खेळ झाले. वाड्यातला खेळ म्हणजे यजमानाचा खेळ. बिदागी त्याची आणि आमंत्रणही त्याचे. मग ९ मार्च १८५३ रोजी भाव्यांनी ग्रँट रोडची नाटकशाळा घेतली, इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि तिकीट लावून ‘इंद्रजित वध’ हा खेळ केला. वरवर पाहता एवढीशीच गोष्ट, पण फरक केवढा पडला पहा! तिकीट हाती असलेल्या माणसाला कोणाच्या आमंत्रणाची गरज नाही. राजा गेला आणि त्याच्या जागी प्रेक्षक आला. मराठी नाटकाचा पोशिंदा त्या रात्री बदलला.

आणि हे एकट्या मराठीचेच झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने रुस्तुम-सोहराबाच्या कथेवरचा खेळ याच नाटकशाळेत केला आणि पारशी रंगभूमीची सुरुवात झाली. नोव्हेंबरात भाव्यांनी राजा गोपीचंदाचा खेळ हिंदुस्थानी भाषेत केला. मराठी, पारशी-गुजराती आणि हिंदुस्थानी अशा तीन रंगभूमींनी एका वर्षात एकाच छपराखाली पाऊल टाकले. कोटाच्या आत, साहेबाच्या दाराशी हे घडणे कठीण होते. ज्या वस्तीत या भाषा बोलल्या जात, तिच्या उंबऱ्यावर नाटकशाळा होती म्हणून ते घडले.

याच सुमारास आपल्या ठाण्याशीही मुंबईची गाठ बांधली जात होती. भाव्यांच्या खेळाला सव्वा महिनाही झाला नव्हता, तोच १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. डबे १४ आणि पाहुणे सुमारे ४००. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत पोहोचली. या रेल्वे कंपनीच्या संचालकांत नाना शंकरशेट होते. म्हणजे ज्याने नाटकाला जागा दिली, त्यानेच आगगाडीलाही हातभार लावला. पुढे कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडून नाशिककडे आणि दुसरा कर्जतकडून पुण्याकडे गेला, आणि नाटक मंडळ्या पडदे, पेटारे आणि नटांसह याच रुळांवरून गावोगाव जाऊ लागल्या. भाव्यांची मंडळी मुंबईत आली तेव्हा मात्र रेल्वे सुरू व्हायची होती.

बरे, आता जागा शोधू. इतिहासाच्या शोधात साक्षीदार लागतात. येथे तीन साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार रस्ता. ग्रँट रोडचे आजचे नाव मौलाना शौकत अली मार्ग. जुने नाव सरकारी पाटीवर नसले, तरी स्टेशनने ते जपले आहे. दादरहून येऊन ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेकडे चालू लागा.

दुसरा साक्षीदार शेजारचा रस्ता, फॉकलंड रोड. भाव्यांचा खेळ झाला त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड होते. त्यांचे नाव या रस्त्याला होते. आज त्याला पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. गव्हर्नराच्या जागी तमाशाचा शाहीर आला, हे त्या नाटकवस्तीला शोभून दिसते.

तिसरा साक्षीदार सर्वांत बोलका. हे दोन रस्ते मिळतात त्या भागाला लोक ‘पिला हाऊस’ म्हणतात. पिवळ्या रंगाचे घर असेल म्हणून हे नाव पडले, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. इंग्रजीत नाटकशाळेला ‘प्ले हाऊस’ म्हणतात. टांगेवाल्याच्या, हमालाच्या, फेरीवाल्याच्या तोंडी त्याचे ‘पिला हाऊस’ झाले. कागदावरचे नाव सरकारला बदलता येते, पण लोकांच्या जिभेवरचे नाव इतक्या सहज पुसले जात नाही. इमारत गेली, पण तिची हाक मागे राहिली.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पिला हाऊसला गेलात आणि जुनी टॉकीज दिसली, की हीच ती भाव्यांची नाटकशाळा असे म्हणू नका. पहिल्या नाटकशाळेच्या पाठोपाठ या भागात व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी कितीतरी थिएटरे झाली. आल्फ्रेड टॉकीज म्हणून जी ओळखली गेली, ती मूळची रिपन. ही सारी मागाहूनची भावंडे. ‘पिला हाऊस’ हे नाव आपल्याला मोहल्ला दाखवते, पायाचा दगड दाखवत नाही, आणि नावाच्या साक्षीवरून तेवढेच म्हणावे.

मग ही नाटकवस्ती मोडली कशी? तेही जागेनेच ठरवले. १८६० नंतरच्या दशकात कोटाचे तट पाडले गेले. दरवाजे गेले, तशी आतली आणि बाहेरची मुंबई एक झाली. बोरीबंदरजवळ गेइटीसारखी नवी थिएटरे उभी राहिली आणि पैसेवाला प्रेक्षक तिकडे वळला. पुढे सिनेमा आला. १९३१ साली पडदा बोलू लागला आणि पिला हाऊसची थिएटरे एकामागून एक सिनेमागृहे झाली. ज्या कारणाने ग्रँट रोडला नाटक आले, ते कारणच तटाबरोबर कोसळले होते.

आज ठाण्याला मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन आहे. ते १९७८ साली उघडले. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. पण त्यांच्या आधीही आपल्या गावांत नाटके होतच होती. वाड्याच्या चौकात, देवळाच्या पटांगणात, तट्ट्या बांधून उभारलेल्या मांडवात. त्या जागांवर कोणी पाटी लावलेली नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. इतिहासाच्या तासाला मुलांना हे काम द्या. गावातल्या वृद्धांना विचारा, कनाती कोठे ठोकत? आळीचे, बोळाचे, चौकाचे जुने नाव काय? ते नाव कशावरून पडले? नगर भूमापनाच्या जुन्या नकाशाशी ते ताडून पहा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये गावाची माहिती काय दिली आहे ते वाचा. म्हातारे जे सांगतील ते लिहून घ्या आणि त्याखाली तारीख घाला. ‘पिला हाऊस’ला सांभाळायला लाखो जिभा होत्या म्हणून ते नाव टिकले. आपल्या आळीतले नाव कदाचित दोनचार म्हाताऱ्यांनाच आठवत असेल. ते विचारायचे असेल तर याच सुटीत विचारले पाहिजे.