मोर्स समिती

मोर्स समिती हे जागतिक बँकेने १९९१ मध्ये सरदार सरोवर प्रकल्पाच्या तपासणीसाठी नेमलेल्या स्वतंत्र पुनरावलोकन पथकाचे प्रचलित नाव आहे. पथकाचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नावावरून हे नाव रूढ झाले. बँकेचे कर्ज लाभलेल्या या प्रकल्पात विस्थापितांचे पुनर्वसन आणि पर्यावरणाचे रक्षण कितपत झाले, हे तपासण्याचे काम समितीकडे सोपवण्यात आले होते. समितीने १८ जून १९९२ रोजी बँकेच्या अध्यक्षांना अहवाल सादर केला. प्रकल्प आहे त्या स्वरूपात सदोष असल्याचा निष्कर्ष त्यात काढला होता आणि बँकेने एक पाऊल मागे घेऊन प्रकल्पाचा नव्याने विचार करावा, असे सुचवले होते. अर्थसाहाय्य चालू असलेल्या आपल्याच प्रकल्पाची तपासणी बँकेने बाहेरच्या व्यक्तींकडून करवून घेण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो.

पार्श्वभूमी

नर्मदा नदीच्या पाण्याच्या वाटपासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवाद नेमला. त्याचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. त्यानुसार गुजरातेत केवडियाजवळ बांधावयाच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर (४५५ फूट) ठरली. धरणातील विजेपैकी मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७ टक्के व गुजरातला १६ टक्के वाटा मिळाला.

धरणाच्या बुडीत क्षेत्रात तिन्ही राज्यांतील मिळून सुमारे २४५ गावे येत होती. त्यांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील होती. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत. सातपुड्याच्या डोंगररांगांत नर्मदेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या या गावांतील रहिवासी प्रामुख्याने भिल्ल, पावरा व तडवी समाजांचे आहेत.

लवादाने पुनर्वसनाच्या अटीही घालून दिल्या होत्या. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन बुडेल, त्याला किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यावी आणि सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा, या त्यांतील प्रमुख अटी होत. जागतिक बँकेने १९८५ मध्ये धरण व कालव्यांसाठी एकूण ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. विस्थापितांचे राहणीमान पूर्वीपेक्षा सुधारावे, निदान पूर्वीइतके तरी राहावे, असे बंधन बँकेच्या करारात होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मात्र त्यानंतर दोन वर्षांनी, जून १९८७ मध्ये, आणि तीही सशर्त मिळाली.

नेमणुकीची कारणे

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिन्ही राज्यांतील प्रकल्पग्रस्त संघटित होऊ लागले. महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समितीच्या माध्यमातून हे काम सुरू झाले. पुढे त्यातून मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. सप्टेंबर १९८९ मध्ये मध्य प्रदेशातील हरसूद येथे मोठा मेळावा झाला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे या प्रकल्पाविषयी सुनावणी झाली व पाटकर यांनी तेथे साक्ष दिली. १९९० मध्ये जपान सरकारने प्रकल्पाला द्यावयाचे पुढील साहाय्य थांबवले. डिसेंबर १९९० मध्ये निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवण्यात आली. तेथे आंदोलकांनी तीन आठवडे उपोषण केले. प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी व्हावी, ही मागणी या काळात ठळकपणे पुढे आली.

बँकेची पथके प्रकल्पाला नियमित भेटी देत असत आणि पुनर्वसनातील त्रुटी त्यांच्या अहवालांत नोंदल्याही जात. परंतु ते अहवाल अंतर्गत असत आणि कर्जाचे हप्ते चालूच राहत. त्यामुळे बँकेच्या स्वतःच्या तपासणीवर प्रकल्पग्रस्तांचा विश्वास उरला नव्हता. अखेर बँकेचे तत्कालीन अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी १९९१ च्या मध्यास स्वतंत्र पुनरावलोकनाची घोषणा केली. समितीचे काम मात्र त्यांचे उत्तराधिकारी लुईस प्रेस्टन यांच्या कारकिर्दीत झाले.

रचना

अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य होते. १९७६ ते १९८६ या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते. उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. कॅनडाच्या उत्तर भागातील मॅकेन्झी खोऱ्यातून न्यावयाच्या वायुवाहिनीची १९७० च्या दशकात झालेली चौकशी त्यांनीच केली होती. त्या चौकशीत त्यांनी आदिवासींच्या वस्त्यांवर जाऊन साक्षी नोंदवल्या होत्या. डोनाल्ड गॅम्बल व मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

कार्यकक्षा व स्वातंत्र्याच्या अटी

समितीच्या कार्यकक्षेत दोन विषय होते: धरण व कालवे यांमुळे विस्थापित होणाऱ्यांचे पुनर्वसन आणि पर्यावरणावरील दुष्परिणाम कमी करण्याचे उपाय. धरण बांधावे की बांधू नये, हा प्रश्न समितीपुढे ठेवलेला नव्हता. जी बंधने स्वीकारली गेली ती पाळली गेली काय, एवढेच तिला पाहावयाचे होते.

एखादी संस्था आपल्याच कामाच्या मूल्यमापनासाठी बाहेरचा सल्लागार नेमते, तेव्हा कार्यकक्षा ठरवणारा, मानधन देणारा आणि अहवाल स्वीकारणारा पक्ष एकच असतो. त्यामुळे निष्कर्ष सौम्य होण्याची किंवा अहवाल कपाटात पडून राहण्याची शक्यता असते. मोर्स व बर्जर यांच्या नेमणुकीत हा धोका टाळण्यासाठी काही अटी घालण्यात आल्या. समितीचे अंदाजपत्रक स्वतंत्र होते. सहकारी निवडण्याचा अधिकार तिचा होता. बँकेची प्रकल्पविषयक कागदपत्रे तिला खुली होती. अहवाल बँकेच्या संपादनाविना प्रसिद्ध व्हावा, ही अट सर्वांत महत्त्वाची ठरली. मूल्यमापनाच्या अभ्यासात या नेमणुकीचा दाखला दिला जातो तो मुख्यतः या अटींमुळे.

कामकाज

समितीने सप्टेंबर १९९१ पासून काम सुरू केले. तिच्या सदस्यांनी तिन्ही राज्यांतील बुडीत गावांना, गुजरातेतील पुनर्वसन वसाहतींना आणि कालव्याच्या लाभक्षेत्राला भेटी दिल्या. केंद्र व राज्य सरकारांचे अधिकारी, बँकेचे कर्मचारी, शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्था यांचे म्हणणे तिने ऐकले. नर्मदा बचाओ आंदोलनाने धरणाला विरोध केला होता, तर गुजरातेतील आर्च-वाहिनी या संस्थेने चांगले पुनर्वसन पदरात पाडून घेण्याची भूमिका स्वीकारली होती. समितीने दोन्ही बाजूंची निवेदने घेतली.

प्रमुख निष्कर्ष

पुनर्वसन

विस्थापित कोण, हा प्रश्न प्रथमपासून अपुऱ्या माहितीवर सोडवला गेला, असे समितीला आढळले. प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी बाधित कुटुंबांची पुरेशी पाहणी झाली नव्हती. कालव्यांसाठी जमीन गमावणाऱ्यांना तर विस्थापितांच्या व्याख्येतच स्थान नव्हते. या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, असे समितीने नमूद केले.

महाराष्ट्रातील गावांच्या दृष्टीने जमिनीच्या हक्काचा प्रश्न कळीचा होता. अक्राणी भागातील अनेक गावांत रीतसर भूमापन झालेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलातील जमिनींची सातबारावर नोंद नसल्याने त्या कसणारे आदिवासी सरकारी दप्तरी ‘अतिक्रमणदार’ ठरत. लवादाच्या निवाड्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास अशा कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत नव्हती. त्याला भूमिहीन समजले जाई. भारताने १९५८ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १०७ क्रमांकाच्या करारानुसार आदिवासींचा परंपरागत वहिवाटीचा हक्क मान्य करणे आवश्यक आहे, याकडे समितीने लक्ष वेधले. गुजरातने १९८७ च्या अखेरीस भूमिहीन, अतिक्रमणदार व सज्ञान मुलगे यांनाही २ हेक्टर जमीन देण्याचे धोरण स्वीकारले होते. महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या तरतुदी त्या मानाने तोकड्या होत्या. परिणामी, आपल्या राज्यात राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला कमी लाभ घ्यावा लागे किंवा चांगल्या लाभासाठी गुजरातेत जावे लागे.

महाराष्ट्रात पुनर्वसनासाठी जमीन मिळणेही कठीण होते. १९९० मध्ये तळोदा तालुक्यातील २,७०० हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी करण्यात आली. परंतु त्या जमिनीवरही आधीपासून काही आदिवासी शेती करीत होते. एका विस्थापिताच्या पुनर्वसनातून दुसरा विस्थापित निर्माण होण्याचा हा पेच होता.

पर्यावरण

पर्यावरणविषयक अभ्यास पूर्ण होण्यापूर्वीच बांधकाम पुढे गेले होते. १९८७ च्या मंजुरीतील अटींनुसार करावयाचे अभ्यास मुदतीत झाले नव्हते. धरणाच्या खालच्या बाजूस नदीमुखापर्यंत होणारे परिणाम जवळजवळ अभ्यासलेच गेले नव्हते. हिलशासारख्या माशांवर अवलंबून असणाऱ्या मच्छीमारांचा प्रश्न त्यात होता. लाभक्षेत्रात पाणी साचून जमिनी क्षारपड होण्याचा व हिवतापाच्या फैलावाचा धोका समितीने दाखवून दिला. कच्छ व सौराष्ट्र यांना पिण्याचे पाणी देणे हे प्रकल्पाचे मोठे उद्दिष्ट होते. त्याचे नियोजनही प्राथमिक अवस्थेत असल्याचे तिला आढळले.

बँकेची जबाबदारी

समितीने केवळ राज्य सरकारांना दोष दिला नाही. पुनर्वसन व पर्यावरण यांविषयी बँकेची स्वतःची धोरणे होती, पण कर्ज मंजूर करताना ती बाजूला पडली. निर्माण झालेल्या स्थितीची जबाबदारी बँक व कर्जदार या दोघांवर येते, असे तिने स्पष्ट म्हटले.

प्रतिक्रिया

भारत सरकार व गुजरात सरकार यांनी अहवाल अमान्य केला. समितीने कार्यकक्षा ओलांडली, दुष्काळी भागाच्या पाण्याच्या गरजेला पुरेसे महत्त्व दिले नाही आणि प्रत्यक्षात होत असलेली सुधारणा पाहिली नाही, असे आक्षेप घेण्यात आले. गुजरातेतील पुनर्वसनाचे चित्र अन्यायकारक रीतीने रंगवले, अशी टीका आर्च-वाहिनीनेही केली. आंदोलनाने मात्र अहवालाचे स्वागत केले.

१९९२ मध्ये बँकेने पामेला कॉक्स यांच्या नेतृत्वाखाली आणखी एक पथक भारतात पाठवले. ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालक मंडळाने काही उद्दिष्टे ठरवून देऊन साहाय्य चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. अमेरिका, जपान व जर्मनी यांसह अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्यास विरोध केला होता. उद्दिष्टे पूर्ण करण्याची मुदत मार्च १९९३ अखेर संपणार होती. तत्पूर्वीच, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारने उर्वरित सुमारे १७ कोटी डॉलरचे कर्ज न घेण्याचे बँकेला कळवले. धरणाचे काम भारतीय निधीतून चालू राहिले.

परिणाम

बँकेच्या कार्यपद्धतीत या अहवालाने बदल घडवला. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन करण्याचा ठराव केला. बँकेने आपली धोरणे न पाळल्यामुळे हानी पोहोचते, असे वाटणाऱ्या लोकांना या मंडळाकडे थेट तक्रार करता येते. १९९८ ते २००० या काळात काम केलेल्या जागतिक धरण आयोगाच्या स्थापनेमागेही नर्मदेचा अनुभव होता; मेधा पाटकर या आयोगाच्या सदस्य होत्या.

भारतात १९९३ मध्ये केंद्र सरकारने जयंतराव पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांचा गट नेमला. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर त्याचे एक सदस्य होते. १९९४ मध्ये आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १८ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामास परवानगी दिली. भारत सरकारने मोर्स समितीचा अहवाल स्वीकारलेला नसल्याने बहुमताच्या निकालात त्याचा आधार घेतला गेला नाही. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमून राज्यातील पुनर्वसनाची पाहणी करवली. धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

महाराष्ट्रातील बुडीत गावांपैकी सर्वांत आधी पाण्याखाली जाऊ लागलेले गाव मणिबेली होय. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारा जाहीरनामा काढला, तो याच गावाच्या नावाने ओळखला जातो. मोर्स समितीच्या अहवालामुळे मणिबेलीचे बुडणे टळले नाही. मात्र बुडणाऱ्या माणसाची नोंद नेमकी कोठे झाली नाही आणि ती करण्याचे बंधन कोणावर होते, हे त्या अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. पुनर्वसनाच्या हक्कासाठी पुढे झालेल्या लढ्यांत व धोरणविषयक चर्चांत त्याचा आधार वारंवार घेतला गेला.